तो मनोरा धूर बघण्यासाठी आहे: इंदूरच्या रविवारच्या डोंगरवाल्यांना खुले पत्र

इंदूरच्या मराठी मंडळांतून, कॉलन्यांतून आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांतून दर रविवारी सिमरोल, चोरल, जानापाव, पातालपाणीच्या बाजूला डोंगर चढायला जाणाऱ्या सगळ्यांना,

सप्रेम नमस्कार.

मार्चमधल्या एका रविवारी चोरल रेंजमधल्या एका टेकडीवर, तिथल्या मनोऱ्याच्या लोखंडी पायरीवर मी दम घेत बसले होते. वय सहासष्ट, गुडघे बोलतात, तरी वर्षातून एकदोनदा मी तिथे जातेच. तेवढ्यात तुमच्यापैकीच वीस-पंचवीस जणांचा घोळका वर आला. पुढे असलेल्या तरुणाने मुलांना गोळा केलं आणि सांगितलं, "हा होळकरांचा शिकारीचा मनोरा. महाराज इथे बसून वाघ मारायचे." मुलं खूश झाली. त्यांतली आठ-नऊ वर्षांची एक मुलगी मात्र मान वर करून बघतच राहिली. मग म्हणाली, "पण वाघ तर एका बाजूने येणार ना? मग चारही बाजूंना एवढ्या खिडक्या कशाला?"

कोणी उत्तर दिलं नाही. फोटोची घाई होती, ऊन चढत होतं. मलाही धाप लागलेली, शब्द जुळेपर्यंत मंडळी उतरूनही गेली. त्या मुलीला उत्तर द्यायचं राहून गेलं, ते मला महिनोन्‌महिने टोचत होतं. हे पत्र आधी तिच्यासाठी आहे. आणि दुसऱ्या दिवशी मी त्याच मनोऱ्याखाली जे पाहिलं त्यासाठीही आहे, ते पुढे सांगते.

त्या तरुणाला मी दोष देत नाही. आपल्या इंदूरच्या वेशीवर रालामंडल आहे, ७८२ मीटर उंचीच्या त्या टेकडीच्या माथ्यावर होळकरांचं शिकारगाह खरोखरच आहे, आणि लहानपणापासून शाळेची सहल तिथेच जाते. तेव्हा टेकडीवरची कुठलीही जुनी खोली म्हणजे शिकारीचीच, असं वाटणं साहजिक आहे. पण चोरलचा तो मनोरा वनखात्याचा आहे आणि त्याचं काम एकच. १५ फेब्रुवारीपासून १५ जूनपर्यंत, म्हणजे पानगळीपासून पहिल्या पावसापर्यंत, वर बसून चारही बाजूंना नजर फिरवत राहायची आणि कुठे धूर उठला की खाली कळवायचं. धूर कुठूनही उठू शकतो, म्हणून खिडक्या चारही बाजूंना. टेकडीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्या रविवारी तिथे शंभर गाड्या लागतील आणि त्या वाटेला तेवढं झेपणार नाही.

हे मला ठाऊक आहे, कारण मी त्या मनोऱ्याखाली वाढले. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, १९५४ साली वनखात्यात नाकेदार म्हणून लागले. नाकेदार म्हणजे आजचा बीट गार्ड, जंगलाचा ठरवून दिलेला एक भाग, म्हणजे बीट, राखणारा. तेव्हा आपलं राज्य मध्यभारत होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला मध्य प्रदेश झाला, अण्णांच्या टोपीवरचा बिल्ला बदलला, बीट तीच राहिली. लोखंडी मनोरा पुष्कळ नंतर आला. माझ्या लहानपणी तिथे सागाच्या चार बल्ल्यांवर बांधलेली माचाण होती. वर बांबूचा तट्ट्या, त्यावर पळसाच्या पानांचं छप्पर, पाण्याचा एक माठ, आणि मधोमध एका खुंटावर बसवलेली पोळपाटाएवढी गोल फळी.

ती फळी आज माझ्याकडे आहे, म्हणून नीट सांगते. सागाची आहे, मध्यभागी खिळा ठोकलेला आहे आणि कडेने कोयत्याने पाडलेल्या खाचा आहेत. एक खाच कालाकुंडची, एक सिमरोलची, एक बडगोंद्याची, एक चोरलच्या पुलाची. उत्तरेच्या खाचेला लाल रंग लावलेला होता, त्याचा आता डागच उरला आहे. फळी खुंटावर अशी पक्की केलेली असायची की खाचा आपापल्या गावाकडेच तोंड करून राहतील. खिळ्याला सुतळी बांधलेली. धूर दिसला की अण्णा सुतळी धुराच्या रेषेत ताणून धरायचे, ती कुठल्या दोन खाचांमध्ये पडते ते बघायचे आणि वहीत लिहायचे, "कालाकुंड व बडगोंदा यांच्या मध्ये, कालाकुंडकडून दोन बोटं." समोरच्या धारेवर दुसरी माचाण होती, तिथेही अशीच फळी. एका मनोऱ्यावरून फक्त दिशा कळते, धूर जवळचा की दूरचा ते डोळ्याला फसवतं. दोन मनोऱ्यांच्या दोन रेषा रेंजर साहेबांच्या नकाशावर पेन्सिलीने ओढल्या की जिथे एकमेकींना कापतील तिथे आग. मला भूमिती शाळेत जाण्याआधी त्या माचाणीवर कळली.

पुष्कळ वर्षांनी मी वाचलं तेव्हा मला समजलं की अण्णांची फळी ज्या अवजाराची गरीब बहीण होती, त्याला नाव आहे: ऑसबॉर्न फायर फाइंडर. अमेरिकेच्या वनसेवेतल्या विल्यम ऑसबॉर्न यांनी ते १९१० च्या दशकात तयार केलं. गोल टेबलावर त्या भागाचा नकाशा, भोवती अंशांच्या खुणा असलेलं लोखंडी कडं, कड्यावर फिरणाऱ्या दोन पट्ट्या. एका पट्टीत डोळा लावायची फट आणि समोरच्या पट्टीत ताणून बसवलेला घोड्याचा केस. फटीतून बघत केस धुराच्या बुडाशी आणायचा आणि अंश वाचायचा. सुतळीच्या जागी घोड्याचा केस, दोन बोटांच्या जागी अंश, एवढाच फरक. तिकडे काही मनोऱ्यांवर ते अजून वापरात आहे.

तिकडच्या मनोऱ्यांची कथा एका मोठ्या होरपळीतून सुरू झाली. वनसेवा स्थापन झाली १९०५ मध्ये. पाचच वर्षांनी, २० आणि २१ ऑगस्ट १९१० ला, आयडाहो, मोंटाना आणि वॉशिंग्टन या राज्यांत सुटलेल्या वाऱ्याने डोंगरात ठिकठिकाणी धुमसणाऱ्या शेकडो आगी एक करून टाकल्या. दोन दिवसांत सुमारे ३० लाख एकर जंगल जळालं. पंच्याऐंशीच्या आसपास माणसं गेली, त्यांतली बहुतेक आग विझवायला गेलेली. वॉलेस गावाजवळ एड पुलास्की नावाचा रेंजर आपल्या चाळीसेक माणसांना घेऊन खाणीच्या जुन्या बोगद्यात शिरला. घाबरून कोणी बाहेर धावू नये म्हणून तो पिस्तूल रोखून तोंडाशी उभा राहिला. धुराने सगळे बेशुद्ध पडले, काही गेले, पण बहुतेक वाचले. एका अंगाला कुऱ्हाड आणि दुसऱ्या अंगाला कुदळीचं पातं असलेलं जे अवजार आज जगभर जंगलातली आग विझवणारे वापरतात, त्याला याच माणसाचं नाव आहे.

त्या दोन दिवसांनी खात्याला एक गोष्ट शिकवली. आग लहान असतानाच दिसली पाहिजे. मग शिखरांवर माणसं बसू लागली. आधी झाडाच्या शेंड्यावर खिळे ठोकून, मग तंबूत, मग मनोऱ्यात. निरोप द्यायला काही ठिकाणी आरसे होते, सूर्याची तिरीप पाडून खुणा करायच्या, मग टेलिफोनच्या तारा आल्या, मग वायरलेस. १९३३ पासून, मंदीच्या काळात, बेकार तरुणांना सरकारने जंगलाच्या कामाला लावलं आणि त्यांच्या हातून कितीतरी मनोरे उभे राहिले. चौदा बाय चौदा फुटांची एक खोली तर इतकी ठरून गेली की तिचे तुकडे कापून, खेचरांच्या पाठीवर लादून शिखरावर नेत आणि वर जोडत. चारही भिंती काचेच्या. मधोमध फायर फाइंडर. खाट, टेबल, शेगडी सगळं खिडकीच्या पातळीखाली, नजरेच्या आड काही येऊ नये म्हणून. आणि एक छोटं स्टूल, ज्याच्या पायांना काचेच्या वाट्या बसवलेल्या. वीज कडाडू लागली की पहारेकऱ्याने त्या स्टुलावर चढायचं, म्हणजे वीज त्याच्या अंगातून जमिनीत उतरणार नाही. हे वाचलं तेव्हा मला आमची माचाण आठवली. मे महिन्याच्या अखेरीस पावसाआधीचे ढग गडगडू लागले की आई आम्हाला खाली पिटाळायची आणि अण्णा मात्र वर बसून राहायचे.

ऑस्ट्रेलियात तर काही ठिकाणी मनोरा बांधलाच नाही, झाडालाच मनोरा केलं. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या पेम्बर्टनजवळ कारी नावाचे प्रचंड उंच वृक्ष आहेत. १९३७ ते १९५२ या काळात त्यांतल्या आठांच्या शेंड्यांवर पहाऱ्याच्या खोल्या बांधल्या. १९४७ मधलं ग्लॉस्टर ट्री त्यांतलं प्रसिद्ध. खोडात लोखंडी सळ्या ठोकून केलेला गोल जिना, वर पन्नास मीटरहून जास्त उंचीवर पहाऱ्याची जागा.

आता एका बाईबद्दल. हॅली डॅगेट. १९१३ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातल्या क्लॅमथच्या डोंगरात एडी गल्च या चौकीवर ती पहाऱ्याला बसली. अमेरिकेच्या वनसेवेने पहाऱ्यावर नेमलेली ही पहिली स्त्री. बायकांना हे झेपणार नाही, रात्री अस्वलाच्या भीतीने खाली पळून येईल, असं तेव्हा बोललं गेलं. तिने पहिल्याच मोसमात चाळीस आगी कळवल्या आणि त्या सगळ्यांत मिळून पाच एकरही जंगल जळलं नाही. पुढे जवळजवळ पंधरा मोसम ती तिथे होती. तिची बहीण घोड्यावरून सामान आणि टपाल घेऊन वर यायची.

हे वाचल्यावर मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले. कारण आमच्या माचाणीवर माझी आई बसायची.

अण्णा आणि दोन फायर वॉचर आग विझवायला खाली गेले की वर कोणीतरी हवंच. खात्याकडे दुसरं माणूस नसायचं. आई चुलीवरचं उतरवायची, पदर खोचायची आणि शिडी चढायची. मी तिच्या मागे. १९६९ च्या एप्रिलमधली एक दुपार मला लख्ख आठवते. खालच्या नाल्यापलीकडे गवत पेटलं होतं, अण्णा आणि मंडळी हिरव्या फांद्यांनी आग झोडपत होती. वरून ती माणसं मुंग्यांएवढी दिसायची. आणि आईला दिसलं की त्यांच्या पाठीमागे, त्यांच्या परतीच्या वाटेवर, सागाच्या पाचोळ्यातून धुराची दुसरी बारीक रेघ उठते आहे. वाऱ्याने निखारा उडून गेला असणार. ओरडून आवाज पोचणार नव्हता. आईने कमरेच्या पिशवीतून आरसा काढला. तिच्या फणेरपेटीचा होता तो, झाकणाच्या आतून काढलेला, एका कोपऱ्याचा पारा उडालेला. ती तो आरसा उन्हात धरून हलवू लागली. एक तिरीप म्हणजे धूर दिसला, दोन म्हणजे माणसं हवीत, आणि सारखी हलती तिरीप म्हणजे मागे बघा. ही भाषा अण्णांनी आणि तिने घरातच ठरवलेली. किती वेळ ती हलवत होती कोण जाणे, मला तिच्या मनगटावरच्या बांगड्यांचा आवाज आठवतो. मग खालच्या मुंग्यांपैकी एक थांबली, वळली, आणि सगळ्या बाजूला पांगल्या.

अण्णा रात्री आले तेव्हा त्यांच्या भुवया जळलेल्या होत्या. आईने तूप लावलं. त्या महिन्याच्या हजेरीपटावर फायर वॉचर दोनच होते. आईचं नाव कधीच कुठल्याच कागदावर आलं नाही. म्हणून मी इथे लिहिते आहे.

आमच्या माचाणीवरचे खरे गुरू मात्र तिसरेच. गावातले एक भिल्ल गृहस्थ मोसमापुरते फायर वॉचर म्हणून लागायचे. भिल्ल वीर टंट्या मामांच्या मुलखात वडीलधाऱ्या भिल्ल माणसाला मामाच म्हणतात, आम्हीही मामा म्हणायचो. वयाने अण्णांपेक्षा मोठे, आणि नजर अशी की अण्णांना दुर्बिणीतून दिसायच्या आधी त्यांना नुसत्या डोळ्यांनी दिसायचं. त्यांनी मला धूर ओळखायला शिकवलं. एप्रिलमध्ये माळावर वावटळी उठतात, नवख्याला तो धूरच वाटतो. मामा म्हणायचे, धूळ चालते, धूर उभा राहतो. पहाटे दरीत साचतं ते धुकं, ते उन्हाबरोबर विरतं. सकाळी नऊनंतर जे विरत नाही त्याच्याकडे बघ. वाळक्या गवताचा धूर निळसर आणि पातळ, ओल्या पाचोळ्याचा पांढरा आणि जाड, घराचं छप्पर जळत असेल तर पिवळट. आणि रोज ठरलेल्या वेळी पातालपाणी ते कालाकुंड घाटात सरकत जाणारा काळा पट्टा म्हणजे मीटरगेजची गाडी. तिचं वेळापत्रक आम्हाला तोंडपाठ होतं. गाडी गेल्यावर पाऊण तास मामा रुळाच्या दोन्ही बाजूंवरून नजर हलवायचे नाहीत. वाफेचं इंजिन चढणीला लागलं की धुराड्यातून निखारे उडायचे आणि घाटातलं गवत वाळकं असायचं.

आता आपल्याकडचाही इतिहास सांगते, कारण मनोरे ही काही फक्त परदेशची गोष्ट नाही. आपल्या मध्य प्रदेशातल्या पचमढीजवळचं बोरी हे जंगल १८६५ मध्ये राखीव झालं, देशातल्या पहिल्या राखीव जंगलांपैकी ते एक. आज ते सातपुडा व्याघ्र प्रकल्पात आहे. १८६० च्या दशकात तिथेच कर्नल पिअर्सन या वनाधिकाऱ्याने जंगल आगीपासून राखण्याचा पद्धतशीर प्रयोग सुरू केला. जंगलाच्या कडेने पट्टे काढायचे, त्यांतलं गवत आग लागण्याच्या मोसमाआधीच जाळून टाकायचं, आणि पहारा ठेवायचा. आज वनखातं दर हिवाळ्यात ज्या जाळरेषा काढतं, त्या याच वाटेने आल्या.

पण तो सगळाच इतिहास अभिमानाने सांगण्यासारखा नाही. आग म्हणजे गुन्हा आणि जंगलात राहणारा म्हणजे गुन्हेगार, असा हिशेब त्या कायद्यांनी मांडला. शेकडो वर्षं ज्यांनी आग कधी लावायची, कुठवर जाऊ द्यायची हे सांभाळलं, त्यांनाच बाहेर काढलं. पुढे खात्यालाही चूक कळली. आसाम-बंगालकडच्या सालाच्या जंगलात आग पार बंद केली तर सालाची नवी रोपंच येईनात. अमेरिकेतही तेच झालं. १९३५ मध्ये तिथे नियम झाला की आज दिसलेली आग उद्या सकाळी दहाच्या आत आटोक्यात आणायची. दशकानुदशकं लहान आगही न लागल्याने जंगलात जळाऊ काडीकचरा साठत गेला आणि मग लागलेल्या आगी विझेनात. १९७८ मध्ये तो नियम सोडून दिला.

आपल्याकडच्या आगीचं कारण बहुतेक वेळा पोट असतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पहाटे टपाटप गळतात. खाली पाचोळा असेल तर ती दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात. तेंदूला कोवळी पानं फुटावीत म्हणून जाळतात. अण्णांनी यासाठी कोणावर पंचनामा केल्याचं मला आठवत नाही. मोहाच्या दिवसांत ते आणि मामा पहाटे झाडू घेऊन निघायचे, झाडाखालचा पाचोळा झाडून एका बाजूला करायचे आणि म्हणायचे, आता जाळायची गरज नाही. आता काही ठिकाणी झाडाखाली जाळ्या बांधतात, फुलं अलगद जाळीत पडतात. हा उपाय मला फार आवडला, अण्णांनाही आवडला असता.

मग तुम्ही विचाराल, आता उपग्रह आहेत, मनोऱ्याचं काय काम? प्रश्न रास्त आहे. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांवरून आगीचे इशारे देते. आधी टेरा आणि अ‍ॅक्वा या उपग्रहांवरून, ज्यांचा एक ठिपका म्हणजे जमिनीवर किलोमीटरभर लांब-रुंद चौकोन. मग सुओमी एनपीपीवरून, त्याचा ठिपका ३७५ मीटरचा. इशारा थेट बीट गार्डच्या मोबाइलवर येतो. तुम्हीसुद्धा त्या संस्थेच्या संकेतस्थळावर नाव नोंदवून आपल्या भागाचे इशारे फुकट मागवू शकता. माझ्या फोनवर येतात. एप्रिलमध्ये असा एकही आठवडा जात नाही की फोन वाजला नाही.

पण हे उपग्रह आपल्या डोक्यावरून दिवसातून मोजक्याच वेळा जातात. दुपारची फेरी साधारण दीड-दोनची. तीन वाजता, जेव्हा हवा सगळ्यात कोरडी आणि वारा सगळ्यात अवखळ, तेव्हा लागलेली आग त्यांना रात्रीच्या फेरीत दिसते. तोवर आमच्या टेकडीसारखी एक उतरण जळून होते. आपल्याकडची आग अमेरिकेसारखी शेंड्यावरून उड्या मारत जात नाही. ती जमिनीवरून सरकते, पाचोळा खात, गुडघ्याएवढी ज्वाळा. वरून बघणाऱ्या डोळ्याला ती झाडांच्या आड लहान असताना दिसत नाही. पण तीच आग सागाची कोवळी रोपं, तितराची अंडी, सालईचा खालचा डिंक सगळं घेऊन जाते. तिचा धूर मात्र डोंगरावर बसलेल्या माणसाला पाच मिनिटांत दिसतो. पेंच व्याघ्र प्रकल्पात महाराष्ट्राच्या बाजूला २०२४ मध्ये धूर ओळखणारा, कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा कॅमेरा बसवला. बसवला कुठे? टेकडीवर. नवं यंत्र आलं तरी त्याला जागा जुनीच लागली. आमच्या टेकडीवर कॅमेरा नाही. मनोरा आहे, आणि बहुतेक दिवस तो रिकामा असतो, कारण एका बीट गार्डच्या अंगावर किती तरी चौरस किलोमीटर जंगल असतं आणि त्याला दोनच पाय आहेत.

आता त्या सोमवारची गोष्ट.

रविवारी माझा चष्मा मी वरच विसरले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याला घेऊन परत गेले. मनोऱ्याच्या बुडाशी तीन दगडांची चूल मांडलेली होती, शेजारी कागदी द्रोण, डाळीचे डाग, आणि राखेच्या ढिगाऱ्यात अर्धा जळलेला एक बाफला. आदल्या दिवशी तिथे दाल-बाफल्यांची पंगत झाली होती. कोणाची ते मला माहीत नाही, त्या दिवशी तीन-चार ग्रुप आले होते. राख थंड दिसत होती. मी तिच्यावर तळहात धरला आणि लगेच मागे घेतला. काडीने उकरलं तर आत कंड्याचा, म्हणजे गोवरीचा, निखारा, लालबुंद, आदल्या दुपारचा. सभोवती वीतभर सागाचा पाचोळा. भाच्याने बाटलीतलं सगळं पाणी ओतलं, ढवळलं, परत हात लावून पाहिला. आमची दुसरी बाटलीही त्यातच गेली.

आपण मराठी माणसं हे विसरलो याचं मला फार वाईट वाटतं. माझी आजी रात्री चूल विझवताना एक धगधगती गोवरी राखेत पुरून ठेवायची. सकाळी राख बाजूला सारली की निखारा तयार, काडी ओढायची गरज नाही. तुमच्याही आज्यांनी हेच केलं असेल. गोवरी राखेखाली मरत नाही, झोपते. लाकडाचा निखारा एकदोन तासांत काळा पडतो, कंड्याचा रात्र काढतो. बाफले खरे कंड्यांवरच भाजावेत, त्याशिवाय ती चव येत नाही, हे मलाही मान्य आहे. पण मग ते चोरलच्या नदीकाठी, वाळूत, पाण्याच्या जवळ भाजा. डोंगरावर नको. १५ फेब्रुवारी ते १५ जून या चार महिन्यांत तर वर काडीपेटीसुद्धा नको. घरून डबा न्या, थंड पोळी-भाजीने कोणाचं काही बिघडत नाही. खाली नदीकाठी जाळलंत तरी उठताना पाणी ओता, ढवळा, आणि राखेत हात घाला. हात ठेवता आला तर निघा. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ प्रमाणे राखीव जंगलात धोका होईल अशी आग पेटवणं किंवा पेटती सोडून जाणं गुन्हा आहे, हेही एकदा ग्रुपवर टाकून ठेवा. पण मला कलमापेक्षा तुमचा तळहात जास्त भरवशाचा वाटतो.

आणि माझी दुसरी मागणी मोठी आहे. तुम्ही दर रविवारी तसेही डोंगर चढता. आग लागण्याच्या मोसमात त्यातली एखादी दुपार त्या मनोऱ्याला द्या. रेंज ऑफिसात जा, आपल्या ग्रुपचं नाव सांगा, परवानगी मागा. परवानगीशिवाय वर चढू नका, पायऱ्या जुन्या आहेत. दोघांनी बारा ते पाच वर बसायचं. एकाने बघायचं, एकाने लिहायचं, तासाने जागा बदलायची, कारण बघणारा डोळा तासाभरात आळसावतो. फोनला वर रेंज मिळते. मोबाइलमधलं होकायंत्र पुरेसं आहे. धूर दिसला की वेळ, अंश, रंग आणि उभा की चालता, एवढं बीट गार्डला कळवायचं. स्वतः विझवायला धावायचं नाही. मार्च २०१८ मध्ये तामिळनाडूत थेनीजवळच्या कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकिंगला गेलेली माणसं वणव्यात सापडली, वीसहून जास्त जीव गेले. तीही तुमच्यासारखीच शनिवार-रविवारी डोंगरावर गेलेली तरुण मुलंमुली होती. मला त्यांच्या आईवडिलांची आठवण अजून येते. वर बसलेल्याचं काम बघणं आणि सांगणं. विझवणं ज्यांना शिकवलं आहे त्यांचं.

एक आणखी. वर बसाल तेव्हा खालच्या गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला बरोबर न्या. बोलावलं तर येतात. चहा-साखर घेऊन जा आणि त्यांना विचारा की हा धूर कशाचा. अ‍ॅप तुम्हाला ते सांगणार नाही.

अण्णांची फळी मी इतकी वर्षं देवघराखालच्या फडताळात ठेवली होती. खिळा गंजला आहे, कालाकुंडची खाच बोटांनी झिजून गुळगुळीत झाली आहे. ती आता त्या मनोऱ्यात मधोमध बसवावी अशी माझी इच्छा आहे आणि तसा अर्ज मी दिला आहे. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी, सकाळी साडेसहाला, मी ती घेऊन सिमरोलच्या बस स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर थांबेन. ज्यांना शिकायचं असेल त्यांनी यावं. मार्चमध्ये निळी टोपी घालून आलेली, खिडक्यांचं विचारणारी ती मुलगी तुमच्यापैकी कोणाची असेल, तर तिला नक्की घेऊन या. सुतळी नवीन आणली आहे, पहिल्यांदा तिलाच धरायला देईन.

आपली,
एका नाकेदाराची आणि एका फायर वॉचरची मुलगी
सुदामानगर, इंदूर